छातीचा एक स्नायू जन्मापासूनच नाही, वर सोरायसिसही आहे. दोन्हींचा संबंध असतो का?

उद्यमनगरवाला:

नमस्कार. वय ३१, कोल्हापूर. उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. थोडं थोडं सांगितलं की समोरचा अर्धंच ऐकतो, म्हणून सगळं एकदाच लिहितो. लांबेल, तेवढं समजून घ्या.

मला नऊ वर्षं सोरायसिस आहे. दोन्ही कोपरं, गुडघे, डोक्यात, कमरेच्या मागं, आणि गेली काही वर्षं छातीवर. मलमांनी भागेना म्हणून गेल्या महिन्यात त्वचेच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट, म्हणजे प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी, द्यायचं ठरवलं. त्याआधी रक्त, लिव्हर, बी आणि सी कावीळ अशा तपासण्या झाल्या. अंगात टीबी लपलेला नाही ना, हे बघायला छातीचा एक्स-रेही सांगितला. एक्स-रेवाल्यानं फिल्म बघितली आणि मला परत आत बोलावलं. "वाकडे उभारला होता काय?" म्हणाला. पुन्हा काढला, पुन्हा तेच. उजवी बाजू डावीपेक्षा काळी. उजव्या फुप्फुसात हवा जास्त दिसते, सीटी करा, असा रिपोर्ट आला. ते चार दिवस कसे काढले ते मलाच माहीत. आईला तर सांगितलंही नाही.

सीटीत फुप्फुस ठणठणीत निघालं. फिल्म काळी दिसत होती, कारण फुप्फुसाच्या पुढं जो मांसाचा थर असायला पाहिजे तो उजवीकडं नव्हताच. छातीचा मोठा स्नायू असतो ना, पेक्टोरॅलिस मेजर, त्याचा गळ्याच्या हाडापासून निघणारा वरचा पट्टा आहे. छातीच्या मधल्या हाडापासून आणि बरगड्यांपासून निघणारा मोठा भाग नाही. त्याच्या खालचा छोटा स्नायूही नाही. डॉक्टरांनी माझा उजवा हात हातात घेतला, बोटं बघितली आणि विचारलं, "ही बोटं लहानपणी जुळलेली होती का?" होती. दुसरं आणि तिसरं बोट चौथ्या वर्षी ऑपरेशन करून सोडवलंय, आणि त्या हाताची मधली बोटं अजून आखूडच आहेत. म्हणाले, हात आणि छाती ही एकच गोष्ट आहे, हिला पोलंड सिंड्रोम म्हणतात. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्यांनी बोटं सोडवली त्यांनी माझा शर्ट काढून बघितलाच नव्हता.

घरी येऊन नाव सांगितलं तर आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. आमचं मूळ गाव वळिवडे. १९४३ ते १९४८ तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. आजीचे वडील तिथं दूध घालायचे. आजीला वाटलं, त्यांच्याकडूनच काहीतरी घरात आलं. तिला समजावता समजावता रात्र झाली. हे नाव देशाचं नाही, माणसाचं आहे. आल्फ्रेड पोलंड नावाचा विद्यार्थी लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात शरीरविच्छेदन करत होता. १८४१ साली त्यानं एका मृतदेहात छातीचे हे स्नायू नसल्याची नोंद केली. पुढं १९६२ मध्ये त्याच हॉस्पिटलातल्या पॅट्रिक क्लार्कसन या सर्जननी या दोषाला त्याचं नाव दिलं. हे मला डॉक्टरांनीच सांगितलं. आजीला शेवटी पटलं. पण त्या छावणीतल्या बायका किती सोसून आल्या होत्या हे ती नंतर कितीतरी वेळ सांगत बसली.

आता तालमीचं सांगतो. वडिलांनी मला आठवीत तालमीत घातलं. पहिल्या दिवशी लंगोट लावून उभा राहिलो तर वस्ताद म्हणाले, "ह्या अंगाची छाती बसलीया रं. जोर काढ, भरंल." चार वर्षं जोर काढले. डावी बाजू अशी भरली की शर्टाचं बटण ताणायला लागलं, आणि उजवी होती तशीच राहिली. उलट फरक जास्तच दिसायला लागला. लोकांना वाटायचं मी एका हातानं चोरून जोर काढतो. मी चोरत नव्हतो. जे नाहीच ते भरणार कुठनं, हे आज कळतंय. तरीही मी कुस्ती खेळलो. गावच्या जत्रेच्या मैदानात नारळाच्या, शंभर-दोनशे रुपयांच्या कुस्त्या मारल्यात. ढाक माझा आवडता डाव, तो मी डाव्या अंगानं बसवला होता.

बाविसाव्या वर्षी अंगावर चट्टे आले. लाल, वर पांढरी खपली, खाजवलं की भुगा पडायचा. तालमीत सगळे म्हणाले नायटा. मेडिकलमधून एक ट्यूब आणून वर्षभर लावली. लावली की जायचं, सोडली की दुप्पट यायचं. मग एकानं पुड्या दिल्या. पुड्यांनी महिन्यात अंग साफ झालं. बंद केल्यावर मात्र सगळं अंग पेटल्यासारखं लाल झालं आणि ताप भरला. पुढं डॉक्टर म्हणाले, बहुतेक त्यात स्टेरॉइड असणार. तोवर तालमीतल्या पोरांच्या घरच्यांनी वस्तादांना सांगितलं होतं, ह्याला मातीत उतरवू नका, आमच्या पोरांना लागेल. वस्ताद वाईट बोलले नाहीत. "बरा होऊन ये," एवढंच म्हणाले. मी परत गेलो नाही.

आता विचारायचं असं. स्नायू नसणं आणि सोरायसिस, ह्यात काही नातं आहे का? कारण छातीवरचे चट्टे फक्त उजवीकडं, बसक्या बाजूलाच आहेत. तेही विखुरलेले नाहीत. छातीखालून आडवी एक रेघ, आणि खांद्यावरून पाठीकडं जाणारी दुसरी. कुणी फूटपट्टी लावून मारल्यासारखी. मला वाटतं, तिथं मांस नाही म्हणून रक्त कमी पोचतं आणि कातडी बिघडते. डॉक्टरांना हे विचारायचं राहिलं, बाहेर पंचवीस माणसं बसली होती. दुसरं म्हणजे, मेथोट्रेक्सेटची भीती वाटते. आणि तिसरं, घरात माझ्या लग्नाचं बघतायत. पुढच्या महिन्यात कागलकडचं एक स्थळ येणार आहे. त्यांना काय सांगायचं आणि किती?

पन्हाळानाक्याची काकू:

बाळा, मी मेथोट्रेक्सेटवर सहा वर्षं होते, म्हणून तेवढ्यापुरतंच लिहिते. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एकदाच. वार ठरवून घे आणि कॅलेंडरवर लाल खूण कर. माझ्यासोबत उपचार घेणाऱ्या एका बाईंनी चुकून रोज घेतली. आठ दिवसांत तोंड आतून सोलवटलं, रक्तातल्या पेशी उतरल्या, आयसीयूत ठेवावं लागलं. घरात दुसरं कुणी गोळ्या काढून देत असेल तर त्यालाही हे नीट समजावून सांग. सोबत फॉलिक ॲसिड देतील, ते डॉक्टर सांगतील त्या दिवशी. सुरुवातीला रक्त आणि लिव्हर लवकर लवकर तपासतात, कंटाळा करू नको. दारू बंद म्हणजे पूर्ण बंद, जत्रेलासुद्धा नाही. आणि ताप-लघवीच्या तक्रारीला कुणी अँटिबायोटिक दिलं तर आधी सांगायचं, मी मेथोट्रेक्सेटवर आहे. काही अँटिबायोटिक हिच्याबरोबर अजिबात चालत नाहीत. लग्नानंतर मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलायचं, मनानं गोळी चालूही ठेवायची नाही आणि बंदही करायची नाही.

मला गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळायचं. रात्री जेवून घ्यायला लागले तशी कमी झाली. तीन महिने धीर धर. मला फरक दिसायला दहा आठवडे लागले होते.

राजारामपुरीची फिजिओ:

दादा, पोलंडचे दोन पेशंट मी हाताळलेत. हा दोष साधारण तीस हजारांत एकाला असतो असं म्हणतात. पुरुषांत जास्त, आणि उजव्या बाजूला जास्त. म्हणजे तुम्ही अगदी नेहमीच्या चित्रातले आहात. वस्तादांनी काढायला लावलेले जोर वाया गेले नाहीत, हे आधी सांगते. दंड पुढं ढकलणं, आत ओढणं, आतल्या बाजूला वळवणं ही कामं त्या स्नायूची. तो नसला तर वरचा उरलेला पट्टा, खांद्याचा स्नायू आणि पाठीचा मोठा स्नायू ती कामं वाटून घेतात. तुम्ही लेथ चालवता, कुस्ती खेळलात, म्हणजे ही वाटणी तुमच्या शरीरानं केव्हाच करून टाकली आहे.

एक मात्र तपासून घ्या. काहींना पाठीचा तो मोठा स्नायू, लॅटिसिमस, हाही बारीक असतो किंवा नसतो. हात वरून खाली ओढताना काखेच्या मागची कड घट्ट लागते का, हे कुणीही पाहू शकतं. हे महत्त्वाचं का, तर पुढं कधी छातीचा आकार भरून घ्यायचं मनात आलं तर प्लास्टिक सर्जन बरेचदा हाच स्नायू पुढं वळवून लावतात. सिलिकॉन किंवा स्वतःची चरबी भरणं हेही मार्ग आहेत. पुरुषांमध्ये हे ऑपरेशन बहुतेक वेळा दिसण्यासाठीच असतं, करायलाच पाहिजे असं काही नाही. उजव्या खांद्यात मागून दुखतं का? दुखत असेल तर कळवा, व्यायाम सांगते.

रात्रपाळीचा डॉक्टर:

त्वचारोगात एमडी करतोय. शिकाऊ आहे, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांशी पडताळून घ्या.

तुमची शंका रास्त आहे, पण एक दुसऱ्याचं कारण नाही. पोलंड सिंड्रोम आईच्या पोटात साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास घडतो. त्या बाजूच्या हाताला आणि छातीला रक्त देणारी धमनी तेव्हा नीट वाढली नाही, असं मानलं जातं. जे व्हायचं ते तेव्हाच होऊन गेलं, पुढं ते वाढत नाही. आज तिथल्या कातडीला रक्त पुरेसं मिळतं. सोरायसिस ही प्रतिकारशक्तीची गडबड आहे. कातडीच्या पेशी तयार होऊन वर यायला एरवी महिनाभर लागतो, इथं त्या तीन-चार दिवसांत वर ढकलल्या जातात आणि खपली साचते. बाकीची जागा, म्हणजे कोपरं, गुडघे, डोकं, हे सोरायसिसचे नेहमीचे अड्डे आहेत. त्याचा स्नायूशी काही संबंध नाही.

पण ती सरळ रेघ माझ्या डोक्यातून जात नाहीये. सोरायसिस सहसा स्वतःहून अशा रेघा मारत नाही. बाहेरून काहीतरी घासतं, दाबतं किंवा ओरखडतं तिथं असं होतं. ह्याला कोब्नर फेनॉमेनन म्हणतात. कोब्नर नावाच्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांनी १८७०च्या दशकात ते दाखवलं. कातडीला इजा झाली की साधारण दहा ते वीस दिवसांत त्याच जागी, त्याच आकारात चट्टा उठतो. कामावर तुम्ही त्या बाजूला काही बांधता का? पट्टा, ॲप्रनची नाडी, पाठीवरची बॅग?

नायट्याबद्दलही थोडं. तालमीत नायटा खरोखर पसरतो. घाम, माती, अंगाला अंग, एकाच टॉवेलनं पुसणं. त्यामुळे पालकांची भीती उगाच नव्हती, फक्त ती चुकीच्या रोगाला लागली. खपली खरवडून काचेवर घेऊन बघितली की बुरशी आहे का नाही ते लगेच कळतं. सोरायसिस मातीतून, घामातून, स्पर्शातून कुणाला लागत नाही.

उद्यमनगरवाला:

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचला आणि मोबाइल पालथा ठेवून बसलो. रात्री उत्तर लिहायला घेतलं, पुसलं. आज लिहितो.

बांधतो. कामावर नाही, रोज. अकरावीत असताना कॉलेजात एकानं माझ्या शर्टावरून हात फिरवून सगळ्यांसमोर हसू केलं होतं. घरी येऊन जेवलो नाही. आईनं दोन दिवसांनी काही न विचारता स्पंज आणला, माझ्या जुन्या बनियनवर उजव्या बाजूला तो बसवला, आणि हलू नये म्हणून छातीखालून एक आणि खांद्यावरून एक असे इलॅस्टिकचे पट्टे शिवले. तेव्हापासून शर्टाखाली मी ते घालतो. फाटलं की आई नवीन शिवते. हे सातवं आहे. लेथवर उन्हाळ्यात आत घाम, कूलंट, लोखंडाचा बारीक कीस, आणि वरून ते पट्टे आवळलेले. चट्ट्यांची जागा आणि पट्ट्यांची जागा मी आरशात बघितली. एकच आहे.

डॉक्टरांसमोर मी दरवेळी ते बाहेरच काढून पिशवीत ठेवायचो, त्यामुळे त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं. आता आईला कसं सांगू? तिला वाटंल, तिच्या हातानं झालं.

पन्हाळानाक्याची काकू:

तिला सांग, पण एकट्यात, आणि आधी हे सांग की पंधरा वर्षं तिच्या त्या शिवणीमुळं तू मान वर करून बाहेर पडलास. मी आई आहे. एवढं ऐकलं की पुढचं ती ऐकून घेईल.

राजारामपुरीची फिजिओ:

एकदम सोडायला जड जात असेल तर आधी कामावर सोडा. सुती सैल बनियन, वर जरा जाड कापडाचा, खिशाचा शर्ट. उजव्या खिशात डायरी ठेवली की बाहेरून फरक जवळपास कळत नाही. आणि ऑपरेशनचा विचार कधी केलाच, तर त्वचेचे डॉक्टर आणि सर्जन दोघांना एकत्र बोलायला लावा. टाक्यांच्या व्रणावरही कोब्नर उठू शकतो. चट्टे शांत असताना केलेलं बरं.

इचलकरंजीचा पॉवरलूमवाला:

भावा, मला पण पोलंड आहे, डावीकडं. वय ४४. हा शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी आज पहिल्यांदा वाचतोय, म्हणून लिहायला बसलो. डावीकडं असलं की हृदय कधी कधी उजवीकडं सरकलेलं असतं म्हणून माझा इको काढला होता. हृदय जागेवर आहे. किडनीची सोनोग्राफी पण केलेली, कारण कधी कधी तिथंही काही कमी-जास्त असतं. तू एकदा विचारून घे.

स्थळाचं सांगतो. मी लग्नाआधी सांगितलं नव्हतं. बायकोला कळलं तेव्हा ती छातीवरून काही बोलली नाही. "मला परकी समजलास," एवढं बोलली. ते वाक्य वीस वर्षं माझ्या मनातनं गेलेलं नाही. सांग तू. मला दोन पोरं आहेत, दोघांच्या छात्या सारख्या. पोलंड बहुतेक वेळा घराण्यात चालत नाही, एकाच घरात दोघांना असणं फार दुर्मीळ, असं मला डॉक्टरांनी सांगितलंय. सोरायसिसचं मला माहीत नाही.

रात्रपाळीचा डॉक्टर:

सोरायसिसमध्ये घराण्याचा थोडा वाटा असतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा वाढते, पण होईलच असं मुळीच नाही. स्थळाला सांगताना हेच, एवढंच आणि खरं सांगा. आणि सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडतात का, टाच दुखते का, नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे आहेत का, हे तुमच्या डॉक्टरांना सांगा. सोरायसिस काहींच्या सांध्यातही उतरतो. तुमच्या उजव्या हाताची बोटं जन्मतःच आखूड असल्यामुळं तिथलं दुखणं "ते जुनंच आहे" म्हणून सुटून जायला नको.

उद्यमनगरवाला:

सात आठवड्यांनी लिहितोय. उशीर झाला, माफ करा.

आईला सांगितलं. काकूंनी सांगितलं तसंच, आधी ते आणि मग हे. ती उठून आत गेली, मला वाटलं रडायला गेली. बाहेर आली ती सुती कापड घेऊन. म्हणाली, "माप दे. बिनपट्ट्याचं शिवते." दोन सैल बनियन शिवलेत, खिसा उजवीकडं. तीच घालतो आता.

गोळी सोमवारी, आमची सुट्टी असते त्या रात्री. सात झाल्या. मळमळ होते, सोसण्यासारखी आहे. लिव्हर आणि रक्त आतापर्यंत ठीक. कोपरावरची खपली पातळ झालीय. छातीखालच्या रेघेवर आता फक्त तपकिरी डाग आहे, खांद्यावरची अजून थोडी लाल आहे. पट्टा आणि गोळी दोन्ही एकाच वेळी बदलल्यामुळं कशानं किती गेलं हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पट्ट्याचं ऐकून त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि पंधरा मिनिटं बोलले. बाहेर गर्दी होतीच. किडनीची सोनोग्राफी झाली, दोन्ही नीट आहेत. लॅटिसिमस पण आहे, घट्ट आहे. ऑपरेशन मला नको, निदान आत्ता नको. बोटं सकाळी आखडत नाहीत. नखांवर खड्डे आहेत, दोन. ते डॉक्टरांनी लिहून घेतलंय.

कागलच्या मंडळींना चहाच्या आधीच सांगितलं. मुलीच्या वडिलांनी मुलांचं विचारलं, मी इथं वाचलेलं आणि डॉक्टरांकडून खात्री केलेलं सांगितलं. मुलगी म्हणाली, गोळीचा वार कोणता? तिची आत्या सोरायसिसची आहे, तिला माहीत होतं. अजून होकार आलेला नाही, नकारही नाही.

आणि गेल्या गुरुवारी तालमीत गेलो. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली होती, हा रोग संसर्गाचा नाही म्हणून. वस्ताद आता बसून असतात. चिठ्ठी त्यांनी हातात घेतली, वाचली नाही, खिशात ठेवली. मी शर्ट काढून उभा राहिलो, पट्ट्याशिवाय. त्यांनी बराच वेळ बघितलं. मी त्यांना सांगितलं की तो स्नायू जन्मापासून नाही, जोर काढून भरणारा नव्हता. म्हणाले, "मग इतकी वर्सं कशानं खेळलास?" मी म्हटलं, पाठीनं आणि डाव्या अंगानं. अंग घासून नवीन चट्टे नकोत म्हणून मी स्वतः खडाखडी करणार नाही, डॉक्टरांनीही तेच सांगितलंय. पण संध्याकाळी सहा ते सात बारक्या पोरांना डाव शिकवायला ये म्हणालेत. त्यात दोघं डावखुरी आहेत आणि त्यांना ढाक बसत नाही.

फिजिओताई, उजव्या खांद्यात मागून थोडं दुखतं, तुम्ही विचारलं होतं. पोरांना डाव दाखवताना हात वर गेला की चमक येते. काय करू?

राजारामपुरीची फिजिओ:

आठवडाभर दाखवताना उजवा हात खांद्याच्या वर नेऊ नका. डावीकडं जोर जास्त आणि उजवीकडं पुढून ओढ नाही, त्यामुळं खांद्याचं पातं मागं नीट बसत नसेल. भिंतीकडं पाठ करून उभे राहा, दोन्ही कोपरं भिंतीला टेकवून पाती एकमेकांकडं ओढा, पाच मोजा, सोडा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. भिंत खरखरीत असेल तर कोपराखाली मऊ टॉवेल घ्या, तिथं चट्टे आहेत तुमचे. आठ दिवसांत चमक कमी झाली नाही तर येऊन दाखवा.